हॉटेलच्या बाथरूममध्ये मावशी घसरली, आता मॅनेजर 'तक्रार नाही' असं लिहून मागतोय

अबोली_फोंडा
मंडळी, जरा तातडीचं आहे. मे महिन्यात मडगावला मामेभावाचं लग्न होतं. सांगलीहून मावशी आणि काका आले. घरात आधीच माणसं मावत नव्हती, म्हणून हॉलजवळच्या एका हॉटेलात त्यांच्यासाठी मी दोन रात्रींची खोली घेतली. पैसे माझ्या खात्यातून गेले, बिलही माझ्याच नावावर. हॉटेलचं नाव इथे लिहीत नाही, कृपया विचारू नका.

लग्नाच्या दिवशी सकाळी आंघोळ करून बाहेर येताना बेसिनसमोर मावशीचा पाय सटकला. शॉवर आणि बाकीच्या बाथरूममध्ये ना काच, ना पडदा, ना उंबरा. सगळं पाणी बेसिनकडे येऊन साचतं. लादी चकचकीत. पायपुसणं एकच, तेही बाहेर खोलीत. उजवं मनगट मोडलं. इथे जिल्हा रुग्णालयात कच्चं प्लॅस्टर केलं आणि सांगलीला जाऊन प्लेट टाकली. मावशी ब्लाउज शिवते, त्यामुळे पुढचे किती महिने मशीन बंद राहणार कुणास ठाऊक.

मॅनेजर त्या दिवशी फार गोड वागला. आता फोन केला तर म्हणतो, "खोलीत बोर्ड लावलाय, इजेला हॉटेल जबाबदार नाही. आणि वयस्कर माणसांनी जरा जपून चालायला हवं." दोन रात्रींचं भाडं परत द्यायला तयार आहेत, पण आधी 'आमची कसलीही तक्रार नाही आणि पुढेही करणार नाही' अशा कागदावर सही हवी. काका म्हणतात, घेऊन टाका आणि मिटवा, सांगलीहून गोव्यात हेलपाटे कोण घालणार.

सही करावी का? आणि त्या बोर्डाला कायद्यात काही किंमत असते का?

चहा_बिनसाखर
उजवा हात प्लॅस्टरमध्ये असलेल्या बाईकडे सही मागतात, कमाल आहे.

सडेतोड
कुणाला आवडणार नाही, पण बोलतो. ओल्या लादीवर माणूस घसरतो, हे लहान पोरालाही कळतं. आपल्या घरच्या बाथरूममध्ये कुणी पडलं तर आपण बिल्डरला नोटीस धाडतो का? हॉटेलात गेलं की मात्र सगळ्यांना हक्क आठवतात. मावशींबद्दल वाईट वाटतंच. पण हॉटेलने दोन रात्रींचं भाडं देऊ केलंय, हॉस्पिटलात नेलंय, आणखी काय करायचं त्यांनी?

अबोली_फोंडा
@सडेतोड हॉस्पिटलात हॉटेलने नाही नेलं. १०८ ला फोन काकांनीच केला.

फ्रंटडेस्क
कळंगुट-बागा पट्ट्यातल्या हॉटेलांत बरीच वर्षं रिसेप्शनवर काढली आहेत, म्हणून आतली बाजू सांगतो.

पाहुणा पडला की ड्यूटी मॅनेजर इन्सिडंट रिपोर्ट भरतो, निदान भरायला हवा. कुठे पडला, किती वाजता, लादी ओली होती का, पायपुसणं होतं का, शेवटचं हाऊसकीपिंग कधी झालं, हे सगळं त्यात असतं. लहान हॉटेलात वेगळा फॉर्म नसतो, पण लॉगबुकात ओळ असतेच. त्याची प्रत ईमेल करून मागा. देणार नाहीत, पण तुम्ही मागितल्याची नोंद राहते. कॉरिडॉरचं सीसीटीव्ही फुटेजही लेखी मागा, आणि आजच मागा. डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, भरला की जुनं आपोआप पुसलं जातं. तेव्हा कुणी मुद्दाम उडवलं असंही म्हणता येत नाही.

दुसरं, मॅनेजरचा सूर अचानक का बदलला. बऱ्याच हॉटेलांकडे पब्लिक लायबिलिटीची, म्हणजे पाहुण्याला इजा झाली तर भरपाई देणारी, विमा पॉलिसी असते. आम्हाला न विचारता चूक कबूल करायची नाही, ही विमा कंपनीची अट असते. त्यामुळे पहिल्या दिवशी 'सॉरी मॅडम' म्हणणारा माणूस तिसऱ्या दिवशी बोर्ड दाखवायला लागतो. वरून फोन आलेला असतो.

सडेतोड यांचं अगदीच चूक नाही. आमच्याकडे लोक समुद्रावरून वाळू आणि अंगभर तेल घेऊन शॉवरखाली जायचे, वर पोटात दोन बिअर. ते पडले की दोष लादीचा. पण मावशी सकाळी लग्नाला निघाली होती. ते प्रकरण वेगळं.

पेडण्याचा_पाहुणा
बाथरूममधलं सीसीटीव्ही फुटेज मागू नका म्हणजे झालं. ते मिळालं तर वेगळंच कलम लागेल.

टाईल_मास्तर
मी लादीकाम करतो, म्हापसा ते मडगाव. अबोलीताईंनी वर्णन केलंय त्यात मला दोन वेगळे दोष दिसतात.

पहिला ढाळ. न्हाणीत पाणी जाळीकडेच गेलं पाहिजे. शंभराला एक एवढा तरी उतार लागतो, मी दीड देतो. पाणी बेसिनकडे येत असेल तर एकतर ढाळ उलटा आहे किंवा जाळी चुकीच्या कोपऱ्यात आहे. नंतर जुन्या लादीवर नवी लादी चिकटवून 'रिनोव्हेशन' करतात, त्यात हे हमखास होतं. उंबरा बुडतो, ढाळ मरतो.

दुसरी लादीच. दुकानदार सांगतो 'आर टेन आहे साहेब, अँटी स्किड'. आर नऊ ते आर तेरा ही जर्मन मोजपट्टी. ती चाचणी बूट घालून, तेल ओतलेल्या उतारावर चालून करतात. कारखान्याला ठीक. अनवाणी ओल्या पायांची चाचणी वेगळी, साबणाच्या पाण्यावरची, तिच्या श्रेणी ए, बी, सी. आंघोळीच्या जागेला ती बघायची असते. आपल्याकडे ती विचारणारा गिऱ्हाईक मला क्वचित भेटतो, आणि हॉटेलमालक तर फोटोत काय चमकेल ते विचारतो.

आणि एक. चांगली मॅट लादीही बोअरच्या जड पाण्याने आणि साबणाने काही महिन्यांत तुळतुळीत होते. तो थर घासून काढावा लागतो. नुसतं फिनाईल फिरवून जात नाही.

सडेतोड
@टाईल_मास्तर हे सगळं खरं असेल, पण मावशींनी कोर्टात आर टेन सिद्ध कसं करायचं?

टाईल_मास्तर
आर टेन राहू द्या. बादलीभर पाणी ओता आणि व्हिडिओ काढा. पाणी कुठे जातं ते जजसाहेबांनाही दिसेल.

काळा_कोट
वकिली करतो, पण अबोली यांचे कागद पाहिलेले नाहीत, तेव्हा सर्वसाधारणच बोलतो.

आधी सडेतोड यांना. पाहुणा पडला म्हणजे हॉटेल दोषी, असा कायदा नाही. काय चुकलं होतं आणि त्याच चुकीमुळे इजा झाली, हे तक्रारदारालाच दाखवावं लागतं. ओलं बाथरूम हा दोष नव्हे. पाणी चालण्याच्या वाटेवर साचणं, गुळगुळीत लादी, आधाराला दांडी नाही, पायपुसणं नाही, सूचना नाही, हे मिळून दोष ठरू शकतो. तुमच्या बिल्डरच्या उदाहरणात फरक इतकाच की घरचं बाथरूम तुम्हाला रोजचं माहीत असतं. हॉटेल पैसे घेऊन अनोळखी माणसाला आत बोलावतं, म्हणून काळजीची जबाबदारी जास्त.

बोर्ड. तो लावला म्हणून स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटका होत नाही. १९९८ साली दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलात पाहुण्याने गाडी व्हॅलेच्या, म्हणजे पार्किंगला गाडी लावून देणाऱ्या हॉटेलच्या माणसाच्या, हाती दिली आणि ती चोरीला गेली. पार्किंगच्या कुपनावर 'मालकाच्या जोखमीवर' छापलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितलं की अशा अटीआड हॉटेलला स्वतःचा निष्काळजीपणा लपवता येणार नाही. तिथे गाडी होती, इथे मनगट आहे, तेव्हा तो निकाल जसाच्या तसा चिकटवता येणार नाही. पण दिशा कळते.

तक्रार कुठे, हे काकांसाठी. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे सांगलीत. अबोलींना सोयीचं असेल तर मडगावला दक्षिण गोव्याचा आयोग आहेच. पैसे अबोलींनी दिले, राहिल्या मावशी. कायद्यात सेवा घेणारा आणि त्याच्या संमतीने ती वापरणारा, दोघेही ग्राहक. दोघींची नावं घाला. आयोगाची पायरी नुकसानभरपाईच्या आकड्यावर नाही, सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरते. खोलीभाडं काही हजार, म्हणून जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत फी शून्य. मुदत दोन वर्षं. तक्रार ऑनलाइनही दाखल होते, आणि त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघा. कधीकधी तेवढ्यावरही हॉटेल बोलायला येतं.

एक बारकावा. हा बोर्ड म्हणजे 'अनुचित करार' आहे, असं नेटवर वाचून लोक जिल्हा आयोगात मांडतात. अनुचित कराराची तक्रार ऐकण्याचा अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला आहे. जिल्ह्यात 'सेवेतील त्रुटी' एवढंच धरून राहा.

सहीबद्दल उद्या लिहितो, कोर्टात जायचंय.

चहा_बिनसाखर
मुख्य प्रश्न तेवढा उद्यावर. वकील खरेच आहेत.

हाडांची_गोष्ट
फिजिओ आहे. पडताना माणूस आपसूक हात टेकतो, म्हणून पहिलं मनगट जातं. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं विरळ होतात, त्यामुळे साध्या पडण्यातही मोडतं. प्लेटनंतर बोटं लगेच हलवायला सांगितली असतील, ती हलवतात का ते बघा. दुखतंय म्हणून हात गळ्यात अडकवून बसल्या तर बोटं आखडतात, आणि शिवणाऱ्या बाईला ते परवडणार नाही.

कागदाचं सांगते. मडगावच्या रुग्णालयात पहिल्या केसपेपरवर काय लिहिलंय ते वाचा. 'हॉटेलच्या बाथरूममध्ये घसरून पडल्या' असं असेल तर सोन्यासारखं. बरेचदा घाईत नुसतं 'पडल्याने इजा' लिहितात, मग समोरचा म्हणतो, कुठे पडल्या कोण जाणे, लग्नात नाचताना पडल्या असतील.

अबोली_फोंडा
आत्ता काकांकडून फोटो मागवला. 'स्लिप इन हॉटेल बाथरूम, आज सकाळी' असं डॉक्टरांच्या हातचं आहे. वेळही आहे!

कुडाळवाला
जिल्हा रुग्णालयात बाहेरच्यांकडून पैसे घेतले का हो? आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना २०१८ पासून बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या (गोमेकॉ) हॉस्पिटलात, शुल्क लावलंय. पूर्वी दोडामार्ग-सावंतवाडीचा माणूस डोळे मिटून गोमेकॉत जायचा.

पेडण्याचा_पाहुणा
आमच्या रांगा बघितल्या असत्या तर तुम्ही डोळे उघडेच ठेवले असते. गोव्याच्या करातून चालतं ते हॉस्पिटल.

कुडाळवाला
आणि म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी येणारी भाजी कुणाच्या शेतातून येते?

फ्रंटडेस्क
या भांडणाला वेगळा धागा काढा. बाथरूममध्ये परत या.

माडाखाली
माझा उलट्या बाजूचा प्रश्न. आगोंदला घरालगत दोन खोल्या आहेत, पर्यटकांना देते. बाथरूमची लादी साधीच आहे. हे वाचून पोटात गोळा आला. माझ्याकडे कुणी पडलं तर मीही आयोगात उभी राहणार का? मी काही हॉटेल नाही.

काळा_कोट
@माडाखाली पैसे घेता म्हणजे सेवा देता. खोल्या दोन की दोनशे, हा प्रश्न नंतरचा. १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी असेल तर ठीक, नसेल तर आधी ती करा. नोंदणी नसताना अपघात झाला तर समोरचा वकील त्यावरूनच सुरुवात करेल. दर्जाची अपेक्षा भाड्याप्रमाणे बदलते, पण आधाराची दांडी आणि रबरी मॅट पंचतारांकित गोष्टी नाहीत.

माडाखाली
मॅट आजच आणते. दांडी भिंतीत बसवायला कुणी आहे का काणकोण बाजूला?

टाईल_मास्तर
निरोप पाठवलाय. चिऱ्याच्या भिंतीत साधा प्लग धरत नाही, लक्षात ठेवा. कुणीही येऊन दोन स्क्रू मारून गेला तर दांडी माणसासकट खाली येईल. दांडी नसलेली बरी.

आजीचा_नातू
आमच्या डिचोलीच्या जुन्या घरात न्हाणी दगडाची होती, खडबडीत. कोपऱ्यात चुलीवर पाण्याचं भाण, म्हणजे मोठं भांडं, तापायचं. धुराने डोळे जायचे, पण कुणी घसरल्याचं ऐकलं नाही. बाबांनी इटालियन मार्बल घातला आणि पहिल्याच पावसात स्वतःच आपटले.

सडेतोड
काळा_कोट, अशा प्रकरणात मिळतं किती? माझ्या ओळखीत एकजण म्हणतो पन्नास लाख मिळालेत कुणाला तरी.

काळा_कोट
ती कथा अर्धीच फिरते. १९७२ मध्ये लुफ्थान्साचा एक जर्मन सहवैमानिक दिल्लीतल्या पंचतारांकित हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात सूर मारताना तळावर आपटला आणि लुळा झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये पन्नास लाख दिले. जितकं महाग हॉटेल तितकी काळजी जास्त, हा विचार त्याच निकालातला. पण तोवर तो माणूस वारला होता, आणि पुढे अपिलात त्याच कारणाने निकाल उलटला. शरीराच्या इजेचा दावा माणसाबरोबर संपतो, असं खंडपीठ म्हणालं. पंचवीस वर्षांहून जास्त भांडून शेवटी काय, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मनगटाच्या प्रकरणात हॉस्पिटलची बिलं, प्रवास, बुडालेली कमाई, मदतनीस ठेवली असेल तर तिचा पगार, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च, एवढं मागता येतं. शिवणाची वही असेल तर जपून ठेवा. ब्लाउजची ऑर्डर, तारीख, पैसे. तोंडी कमाई आयोग धरतं, पण कमी धरतं. आणि 'हाडंच ठिसूळ होती' हा बचाव येणारच. त्याने घाबरू नका. इजा करणाऱ्याला समोरचा माणूस जसा आहे तसाच पत्करावा लागतो, हे फार जुनं तत्त्व आहे.

कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत. तीन महिन्यांत होईल असं मी कुठल्याही पक्षकाराला सांगत नाही.

कोकणकडा
१९९१ च्या पब्लिक लायबिलिटी विम्याच्या कायद्याने हॉटेलला विमा सक्तीचा आहे ना? मग कंपनीकडूनच वसूल करायचं.

काळा_कोट
तो कायदा घातक रसायनांसाठी आहे. हॉटेलची पॉलिसी ऐच्छिक, फ्रंटडेस्क म्हणाले ती.

लाटांवरती
मी एकदा दुसऱ्या राज्यातल्या एका लॉजच्या बाथरूममध्ये पडलो होतो, कंबर धरली. फोटो काढले नाहीत, कागद मागितला नाही, नुसता भांडलो. चार दिवसांनी फोन केला तर 'आमच्याकडे असं काही झालंच नाही'. त्यामुळे अबोली, तुमच्याकडे केसपेपर आहे हेच पुष्कळ.

पेडण्याचा_पाहुणा
पोलिसात का जात नाही? हाड मोडलंय, गंभीर दुखापत झाली ना.

काळा_कोट
जाता येतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये बेदरकार किंवा निष्काळजी कृत्याने गंभीर दुखापत बसते. पण फौजदारीत 'निष्काळजी' सिद्ध करण्याची पातळी वरची, आणि पैसे मावशींना मिळत नाहीत. मी या प्रकरणात सुचवणार नाही.

आता सही. 'कसलीही तक्रार नाही, पुढेही करणार नाही' यावर सही केलीत की हॉटेलचा वकील तोच कागद पहिल्या पानावर लावेल. दबावाखाली घेतला असं म्हणता येतं, पण ते तुम्हाला सिद्ध करत बसावं लागेल. भाडं परत घ्यायला हरकत नाही. ईमेलने कळवा: 'खोलीभाड्याचा परतावा स्वीकारत आहोत, तो केवळ भाड्यापुरता आहे, इजेच्या भरपाईचा आमचा हक्क राखून.' पाठवतील तर पाठवतील. आणि मॅनेजरशी फोनवर बोलणं बंद, सगळं लिहून. व्हॉट्सॲपचे मेसेज उडवू नका, ज्या फोनवर आहेत तो फोनही एक्स्चेंजमध्ये देऊ नका.

सडेतोड
बरं. पण एक विचारतो, हॉटेलने खरंच हॉस्पिटलचं बिल देऊ केलं तर? तरी भांडायचं?

काळा_कोट
नाही. आकडा पटला तर समेट उत्तम. आयोगसुद्धा मध्यस्थीकडे पाठवतं. फक्त पूर्ण आकड्यासाठी पूर्ण सही, भाड्यासाठी नाही.

अबोली_फोंडा
अपडेट देते. ईमेल वरच्याच शब्दांत पाठवला, फुटेज आणि लॉगबुकची प्रत मागितली. दोन दिवस काही नाही. मग मॅनेजरचा नाही, मालकांचा फोन आला. मी म्हटलं, लिहून पाठवा. संध्याकाळी ईमेल आला: बिलं पाठवा, विमा कंपनीला कळवतो. बोर्डाचा उल्लेखही नाही.

शिवाय ज्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवला होता त्या सदस्याने (नाव त्यांनी सांगितलं तरच सांगेन) तीच खोली एका रात्रीसाठी घेतली आणि बादलीचा व्हिडिओ काढला. पाणी सरळ बेसिनखाली, अगदी तळं. पायपुसणं अजूनही बाहेरच.

टाईल_मास्तर
मीच तो. खोलीचं बिल अबोलीताईंनी दिलं, आणि नाश्ता बरा होता. व्हिडिओत खोलीचा नंबर, जाळी आणि बेसिन एकाच शॉटमध्ये घेतलंय, मध्ये कट नाही.

चहा_बिनसाखर
मास्तर अनवाणी गेले होते की बूट घालून?

अबोली_फोंडा
काका आता उलटे पेटलेत. म्हणतात, सांगलीच्या आयोगात मीच जातो, मला कुठे काम आहे. मावशी म्हणते आधी बिलं तर देऊन बघू. मूळ बिलं आणि एक्स-रे मालकांना कुरिअर करायचे का?

काळा_कोट
मूळ काही देऊ नका. स्कॅन ईमेलने पाठवा. विम्याचा सर्व्हेअर मूळ बघायला आला तर काकांनी समोर बसून दाखवावीत आणि परत पिशवीत ठेवावीत. मावशींचा स्वतःचा मेडिक्लेम असेल तर तिथे कुठली बिलं आधीच दिली आहेत तेही मला कळवा, एकाच बिलाचे पैसे दोनदा मागितलेले दिसता कामा नयेत. आणि मुदतीची तारीख काकांना कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगा. बोलणी चालू होती म्हणून दोन वर्षांची मुदत थांबत नाही.